पोस्टकार्ड, मीटर आणि गावचा श्रोता

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. एखादा कार्यक्रम किती लोकांनी ऐकला वा पाहिला, हे ठरविण्याची रीत याच म्हणीवर उभी आहे. मात्र शीत त्याच भांड्यातले असावे लागते. प्रक्षेपण करणाऱ्या संस्थांची चढाओढ आणि गायनस्पर्धांची लोकप्रियता यांचा इतिहास पाहू लागलो, की एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. मोजणाऱ्याच्या हाती आलेल्या शितांत खेड्यातले शीत होते काय?

आरंभ १९५२ पासून करू. त्या साली बाळकृष्ण केसकर केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीत घरोघरी पोचावे हा त्यांचा आग्रह. त्यापायी ऑल इंडिया रेडिओवरची चित्रपटगीते फार कमी झाली. पण माणसाच्या कानाला कुलूप लावता येत नाही. लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. तिथे त्याच वर्षी अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पहिल्यांदा ती श्रोत्यांसाठी बक्षिसाची स्पर्धा होती. पुढे गाण्यांना लोकप्रियतेप्रमाणे क्रम मिळू लागले. हा क्रम ठरविताना तबकड्यांची विक्री आणि श्रोत्यांची पसंती दोन्ही विचारात घेत. झुमरी तिलैया हे आजच्या झारखंडातले लहानसे गाव. पण तिथून इतकी फर्माइशीची पत्रे जात, की त्याचे नाव देशभर झाले. पोस्टकार्डाला शहर आणि खेडे हा भेद ठाऊक नव्हता. लिहिता येणारा एक जण मिळाला, की साऱ्या आळीची आवड पोस्टाच्या पेटीत पडे.

या चढाओढीला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. १९६७ साली मुंबई, पुणे आणि नागपूर येथून तिच्यावर जाहिरातीही वाजू लागल्या. स्पर्धकामुळे सरकारी संस्थेलाही श्रोत्याचे ऐकावे लागले, हा या प्रकरणाचा धडा.

याच काळातला दुसरा एक प्रयोग शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने आसपासच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे भरविली. लोक कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे परत जात. या प्रयोगाची तपासणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. किती जणांनी ऐकले एवढेच त्यात विचारले नव्हते. ऐकून काय उमगले, हेही विचारले होते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे वीस वर्षे दूरदर्शनला देशात स्पर्धकच नव्हता. १९९२ मध्ये झी आली, आणि १९९५ मध्ये तिच्यावर ‘सा रे ग म’ ही गायनस्पर्धा सुरू झाली. मराठीत अल्फा १९९९ मध्ये आणि ईटीव्ही २००० मध्ये उतरली. अल्फाची झी मराठी झाली, ईटीव्हीची २०१५ साली कलर्स मराठी झाली. २००८ मध्ये स्टार प्रवाहही मैदानात आली. जाहिरातदार पैसा लावणार आकडा पाहून. म्हणून टीआरपी हा शब्द घरोघरी झाला. निवडक घरांत मीटर बसवायचे, कोणी काय किती वेळ पाहिले ते टिपायचे, आणि त्यावरून साऱ्या प्रांताचा अंदाज बांधायचा, अशी ही रीत.

आता गंमत पाहा. झी मराठीच्या ‘लिटिल चॅम्प्स’ची अंतिम फेरी फेब्रुवारी २००९ मध्ये झाली. शेवटच्या पाच मुलांत आर्या आंबेकर पुण्याची; पण रोहित राऊत लातूरचा, प्रथमेश लघाटे रत्नागिरी जिल्ह्यातला, मुग्धा वैशंपायन आमच्या रायगडातल्या अलिबागची. जिंकली ती आळंदीची कार्तिकी गायकवाड. गळे आले लहान गावांतून, आणि लोकप्रियता मोजणारे मीटर त्या वेळी होते मुख्यतः शहरांत! मोबाइलवरून मत देता येई खरे. पण त्याला पैसे पडत, आणि एकच माणूस दहा-दहा मते धाडू शके. पोस्टकार्डाचा गठ्ठा धाडण्यासारखेच ते. त्यातून गावाचा अभिमान कळे. गाण्याची पारख कळेच असे नाही.

‘बार्क’ या संस्थेने ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण घरांचे आकडेही द्यायला सुरुवात केली. त्याबरोबर विनामूल्य दिसणाऱ्या वाहिन्या एकदम वर आल्या. प्रेक्षक आधीही होताच. त्याची नोंद तेवढी नव्हती. पनवेलला २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. तालुक्यात मात्र आजही एका बाजूला उंच इमारती, दुसऱ्या बाजूला कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाड्या आहेत. दोहोंची आवड एकाच शितावरून कशी ओळखावी?

शिवाय शीतही खोटे निघू शकते. मीटर असलेल्या घरांना पैसे दिल्याचे आरोप झाले, आणि ऑक्टोबर २०२० पासून वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू झाले मार्च २०२२ मध्ये.

तेव्हा आकडा दिसला, की तो कोणाच्या घरातून आला हे आधी विचारावे. शिक्षकांना हे वर्गात सहज करून दाखवता येईल. मुलांनी गावातल्या दहा घरांत जाऊन विचारावे. पुढच्या आठवड्यात वाडी-वस्तीवरची दहा घरे घ्यावीत. दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी-शेजारी मांडल्या, की गणिताच्या तासालाच इतिहासाचाही धडा होईल, आणि आपले घर कोणत्या यादीत येते हे मुलांना आपोआप कळेल.