प्रेम, संशय आणि लहानसे गाव

रहस्यकथेच्या वाचकाला एकच प्रश्न छळत असतो : गुन्हा कोणी केला? प्रेमकथेच्या वाचकाचा प्रश्न वेगळा : ही दोघे एकत्र येणार का? या दोन प्रश्नांची उत्तरे परस्परांत गुंतवून टाकणारी कादंबरी म्हणजे प्रेमरहस्य कादंबरी. नायिकेचे ज्याच्यावर प्रेम जडते, त्याच्यावरच संशय घ्यावा अशी परिस्थिती तिच्यापुढे उभी राहते. विश्वास ठेवला तर जीव धोक्यात आणि न ठेवला तर प्रेम हातचे जाणार, या पेचावर संपूर्ण कथानक उभे असते. अमेरिकेत हा प्रकार लहान गावांच्या पार्श्वभूमीवर विशेष बहरला. मराठीत त्याला स्वतंत्र नाव कधी मिळाले नाही. मात्र त्याची बीजे येथे जुनी आहेत.

जुन्या वाड्यापासून लहान गावापर्यंत

या प्रकाराचे मूळ इंग्लंडमधील भयरम्य कादंबरीत सापडते. होरेस वॉलपोल यांची ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ १७६४ मध्ये आणि ॲन रॅडक्लिफ यांची ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ १७९४ मध्ये प्रसिद्ध झाली. पडका किल्ला, बंद दालने आणि संकटात सापडलेली तरुणी ही सामग्री तेव्हाच ठरून गेली. शार्लट ब्राँटी यांनी ‘जेन आयर’मध्ये (१८४७) त्या तरुणीला स्वतंत्र मन दिले, तर डॅफ्नी द्यू मॉरिए यांच्या ‘रिबेका’ने (१९३८) नवऱ्याच्या भूतकाळाविषयीचा संशय हाच कथेचा कणा केला. ‘रिबेका’वरून बीरेन नाग यांनी १९६४ मध्ये ‘कोहरा’ हा हिंदी चित्रपट काढला, हे जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल.

अमेरिकेत किल्ले नव्हते. तेथील लेखकांनी किल्ल्याच्या जागी लहान गाव आणले. एकच मुख्य रस्ता, एक चर्च, एक खानावळ, सर्वांना ओळखणारा शेरीफ आणि सर्वांना ठाऊक असूनही कोणी न बोललेले एखादे जुने पाप, एवढ्यावर कथा उभी राहू लागली. आल्फ्रेड हिचकॉक यांनी ‘शॅडो ऑफ अ डाऊट’ (१९४३) या चित्रपटात कॅलिफोर्नियातील सांता रोझा या शांत गावात घरच्याच लाडक्या मामावर संशयाची छाया टाकली. नोरा रॉबर्ट्स, सँड्रा ब्राऊन, लिंडा हॉवर्ड यांनी पुढे याच वाटेवर लाखो वाचक मिळवले. हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थेने १९८४ मध्ये ‘इंट्रिग’ ही स्वतंत्र मालिका सुरू केली, तेव्हा या मिश्र प्रकारावर बाजारपेठेचीही मोहोर उमटली.

मराठीतील वाट

मराठी कादंबरीच्या आरंभकाळातील लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) ही अद्भुतरम्य प्रेमकथाच होती. संकटे, ताटातूट आणि अखेरीस मीलन हा तिचा साचा. विसाव्या शतकात बाबूराव अर्नाळकर यांनी रहस्यकथेला घरोघरी नेले. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांच्या झुंजारला विजयाची साथ होती. साहसाच्या धामधुमीतही वाचक या जोडीत रमत असे. पुढे गुरुनाथ नाईक यांनीही अशीच प्रचंड संख्येने रहस्यकथा लिहिल्या. अनंत अंतरकर यांच्या ‘नवल’सारख्या मासिकाने गूढ आणि विस्मयकारक कथांना प्रतिष्ठा मिळवून दिली.

प्रेम आणि रहस्य यांची खरी सांगड ज्या मराठी कादंबरीने घातली, ती म्हणजे जयंत देवकुळे यांची ‘आशा परत येते’. राजा परांजपे यांनी तिच्यावरून १९६४ मध्ये ‘पाठलाग’ हा चित्रपट काढला. डॉ. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. वकील नायकाची प्रिय पत्नी मरण पावते आणि काही काळाने तिच्याचसारखी दिसणारी एक आरोपी स्त्री आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. कायद्याला पुरावा हवा आणि मनाला ती हवी, या दोन ओढींत नायक सापडतो. येथे गुन्ह्याचे रहस्य काढून टाकले तर प्रेमकथा उरत नाही आणि प्रेम काढले तर रहस्याला अर्थ राहत नाही. या प्रकाराची याहून नेमकी ओळख करून देता येणार नाही. राज खोसला यांनी ‘पाठलाग’वरूनच १९६६ मध्ये ‘मेरा साया’ काढला आणि सुनील दत्त व साधना यांच्यामुळे ही मराठी कल्पना देशभर पोहोचली.

राज खोसला यांच्याच ‘दो रास्ते’ (१९६९) या चित्रपटाला चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘नीलांबरी’ या कादंबरीचा आधार होता. शृंगारप्रधान कादंबऱ्यांमुळे काकोडकर जितके वाचले गेले, तितकेच नाकारलेही गेले. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ मध्ये न्यायालयाने ती कथा अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. लोकप्रिय लेखकाला आपल्या लेखनासाठी किती किंमत मोजावी लागते, याचा हा नमुना होय.

सुहास शिरवळकर (१९४८-२००३) यांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, अमर विश्वास, फिरोज इराणी अशा नायकांच्या रहस्यकथा लिहिल्या आणि त्याच लेखणीने ‘दुनियादारी’सारखी तरुण मनांची कादंबरीही लिहिली. तिच्यावरील चित्रपट २०१३ मध्ये आला. ‘समांतर’वरील वेबमालिका २०२० मध्ये. दोन्ही वेळा पडद्यावरील यश पाहायला लेखक हयात नव्हता.

मेनमधून महाराष्ट्रात

अमेरिकन लहान गाव मराठीत आणता येते का, याचे उत्तर नारायण धारप (१९२५-२००८) यांनी देऊन ठेवले आहे. स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीत मेन राज्यातील एक आडगाव हळूहळू अभद्र शक्तीच्या कह्यात जाते. त्याच बीजावर धारपांनी ‘लुचाई’ रचली. नावे बदलली म्हणून ती मराठी झाली नाही. माणसांची एकमेकांशी वागण्याची रीत, घरांची ठेवण, श्रद्धा आणि भीतीची ठिकाणे येथली झाली, म्हणून ती मराठी झाली. हा भयकथेचा प्रकार असला, तरी प्रेमरहस्य लिहू पाहणाऱ्याला यातून घेण्याजोगा धडा आहे. परक्या गावाचा आराखडा घेता येतो; त्यातील वारा मात्र आपल्याच गावचा असावा लागतो.

खडवलीसारखे गाव

असे गाव शोधायला फार दूर जाण्याचे कारण नाही. मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळ्यापुढचे स्थानक खडवली. कल्याण-डोंबिवलीच्या गर्दीपासून लोकलने थोडक्या वेळाचे अंतर, पण उतरताच वातावरण बदलते. भातसा नदी, शेते, जुनी घरे आणि मधूनच शहरातील माणसांनी घेतलेले भूखंड व बंगले. पावसाळ्यात नदीवर सहलीला येणाऱ्यांची झुंबड उडते आणि पात्रात कोणी बुडाल्याच्या बातम्याही येतात.

रहस्यकथेला लागणारे सारे काही येथे आहे. टिटवाळ्यापुढे गाड्यांची संख्या घटते. शेवटची गाडी चुकली की रात्र काढावी लागते. गावात परका माणूस लपत नाही, पण सुटीच्या दिवशी हजार परके आले की त्यांत एक कोण होता हे कोणाला सांगता येत नाही. जमिनीचे भाव चढले की सातबाऱ्यावरील नावांना महत्त्व येते. वर्षानुवर्षे न विचारलेली बहीण हक्क सोडण्याच्या सहीसाठी आठवते. हेतू, संधी आणि एकांत या तिन्ही गोष्टी अशा गावात आपोआप जमून येतात.

शहरात नोकरी करणारी, पुष्कळ वर्षांनी मामाच्या घरी परतलेली तरुणी आणि गावातच राहिलेला तिचा बालमित्र, एवढ्या दोन पात्रांवर कथा सुरू होऊ शकते. त्याचा भाऊ नदीत बुडाला तेव्हा काठावर तो एकटाच होता, हे तिला तिसऱ्या प्रकरणात कळले की वाचक पुस्तक खाली ठेवणार नाही.

तपशील चुकला की रहस्य फसते

अमेरिकन कादंबरीतील शेरीफ येथे चालत नाही. त्याच्या जागी पोलीस पाटील, तालुका पोलीस ठाण्यातील अंमलदार आणि हवालदार येतात. नदीत मृतदेह सापडला तर सहसा प्रथम ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते, पंचनामा होतो आणि शवविच्छेदनानंतर घातपाताचा संशय आल्यास गुन्हा दाखल होतो. या चौकशीची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. मृतदेह नदीऐवजी रुळांवर आढळला तर प्रकरण लोहमार्ग पोलिसांकडे जाते. नदी आणि रूळ यांत काही पावलांचेच अंतर असेल, तर तपास कोणाचा या प्रश्नातच अर्धे प्रकरण रंगू शकते.

बेपत्ता व्यक्तीबद्दल सात वर्षे कोणतीही खबर नसेल, तर कायदा तिच्या मृत्यूचे अनुमान करू देतो. नवरा बेपत्ता झालेल्या नायिकेच्या पुनर्विवाहाच्या वाटेतील ही सात वर्षे म्हणजे तयार कथानक आहे. सहाव्या वर्षी तिला कोणी आवडू लागले तर? आणि आठव्या वर्षी, दुसरे घर थाटल्यानंतर, पहिल्याचे पत्र आले तर?

नायक कोणाला म्हणावे?

या प्रकारात खरा कस लागतो तो नायक रंगवताना. नायिकेचा पिच्छा पुरवणारा, तिचा नकार न मानणारा, अबोल आणि संतापी पुरुष हा अनेक दशके ‘गूढ’ आणि म्हणून आकर्षक मानला गेला. शेवटी तो निर्दोष ठरला की त्याचे आधीचे वागणेही प्रेमात जमा होई. २०१३ मध्ये स्त्रीचा पाठलाग करणे हा भारतीय दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा ठरला. भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ खाली आहे. दररोज शेवटच्या गाडीने एकटीने परतणाऱ्या वाचक स्त्रीला मागून येणाऱ्या पावलांत प्रणय दिसत नाही. लेखकाने हे ध्यानात ठेवायला हवे.

याचा अर्थ नायक सरळसोट असावा असा नव्हे. त्याच्याकडे लपवण्यासारखे काही असावेच; पण ते लपवताना तो नायिकेचा निर्णयाचा हक्क काढून घेत नाही, एवढी रेघ पाळली तर संशय टिकतो आणि प्रेमही. खलनायकाची रचना याच्या उलट करता येते. तो पहिल्या पानापासून काळजी घेतो, सोबत देतो, सल्ला देतो आणि हळूहळू तिला एकटी पाडतो. धोका कोठून येतो याचे हे चित्र वास्तवाच्या अधिक जवळचे आहे.

दोन धाग्यांचा पीळ

बांधणीचा नियम साधा आहे. तपासातील प्रत्येक नवा पुरावा दोघांच्या नात्यात काहीतरी बदलणारा हवा आणि नात्यातील प्रत्येक कबुलीने तपासाला पुढे ढकलले पाहिजे. गुन्ह्याचा उलगडा झाल्यावर वीस पाने प्रेमासाठी राखून ठेवणारी कादंबरी तेथेच ढिली पडते. दोन्ही उत्तरे शक्यतो एकाच प्रसंगात मिळावीत. अखेरीस नायिकेची सुटका दुसऱ्या कोणी करण्यापेक्षा तिने स्वतः वाट काढावी, अशी आजच्या वाचकाची अपेक्षा असते.

जपणुकीचा प्रश्न

मराठीतील या परंपरेपुढील अडचण वाचकांच्या अभावाची नाही. स्वस्त कागदावर छापलेल्या, फिरत्या वाचनालयांतून हातोहात फाटलेल्या या पुस्तकांना साहित्याच्या इतिहासात फारसे स्थान मिळाले नाही, त्यामुळे ती जपलीही गेली नाहीत. १८६४ मध्ये स्थापन झालेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि १८९३ मध्ये सुरू झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या संस्था या पट्ट्यात आहेत. लोकप्रिय कादंबरीची जीर्ण प्रतही अशा ठिकाणी सांभाळली गेली, तर नव्या लेखकाला आपल्या आधी कोण कोणत्या वाटेने गेले हे कळेल. ‘पाठलाग’ आठवणारे पुष्कळ सापडतात; ‘आशा परत येते’ वाचलेले थोडे. पडद्याने कथा वाचवली, पण ज्या पुस्तकातून ती आली ते विस्मरणात गेले, हे मराठी रहस्यप्रेमींना परवडणारे नाही.