गेमिंग संगणक : प्रोसेसर आणि मदरबोर्डची निवड

मध्यम खर्चात गेमिंगसाठी संगणक जुळवताना आधी सॉकेट ठरवावे, मग प्रोसेसर. सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरील प्रोसेसर बसवण्याची जागा. पुढे कोणता प्रोसेसर बसवता येईल, हे प्रामुख्याने तिच्यावर अवलंबून असते. एएमडीच्या एएम-४ सॉकेटच्या २०१७ मधील अनेक मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यास २०२२ मधील रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसरही चालतो. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात. २०२४ मधील कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी मात्र नवे सॉकेट आले.

एएमडीचे २०२२ पासूनचे एएम-५ सॉकेट केवळ डीडीआर-५ रॅमसह चालते. त्यावर सहा कोअरचा रायझन ५ ७६०० आणि बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड ही जोडी मध्यम खर्चात पुरेशी ठरते. याहून महागड्या मदरबोर्डामुळे खेळाची गती फारशी वाढत नाही. ती रक्कम ग्राफिक्स कार्डासाठी राखावी.

खरेदीपूर्वी मदरबोर्ड निर्मात्याच्या संकेतस्थळावर प्रोसेसरची यादी आणि आवश्यक बायोस आवृत्ती तपासावी. बायोस जुना असल्यास नव्या प्रोसेसरसह संगणक सुरूच न होण्याची शक्यता असते. इंटेलच्या ‘एफ’ अक्षरी प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स नसते. त्यासोबत ग्राफिक्स कार्ड अनिवार्य आहे.