नेमणूक आणि निवडणूक : मुंबई महानगरपालिकेतील जागांचा इतिहास

नगरसंस्थेत सभासद किती, यापेक्षा ते कोणत्या वाटेने आत आले हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होय. मुंबईपुरते बोलावयाचे तर हा इतिहास 'नेमणूक' आणि 'निवडणूक' या दोन शब्दांत सामावतो. दोहोंचा प्रत्यय एकच. परंतु नेमतो तो अधिकारी, आणि निवडतो तो ज्याला ते धान्य खावयाचे आहे.

१८७२ च्या कायद्याने ६४ जागा ठरविल्या. त्यांपैकी १६ सरकारने नेमावयाच्या, १६ जस्टिस ऑफ दि पीस यांनी निवडावयाच्या आणि ३२ करदात्यांनी. जस्टिस स्वतः सरकारनियुक्त असल्याने त्यांची निवडणूक ही एका अर्थी दुसऱ्या हाताने केलेली नेमणूकच होती. १८८८ च्या कायद्याने जागा ७२ झाल्या. विद्यापीठाचे फेलो व चेंबर ऑफ कॉमर्स यांस प्रत्येकी २ मिळाल्या. प्रभागांतील करदात्यांच्या वाट्यास ३६ आल्या, म्हणजे पुनश्च निम्म्याच. संख्या वाढली, प्रमाण ढळले नाही.

खरा पालट मतदाराच्या व्याख्येत झाला. १९२२ मध्ये दरमहा दहा रुपये भाडे देणाऱ्या भाडेकरूस मत मिळाले. १९४८ ची निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली. घरमालकाच्या जागी रहिवासी आला.

आज निवडलेल्या जागा २२७ आहेत. नामनिर्देशित सदस्य अद्याप असतात. परंतु १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार त्यांना सभेत मत नाही. नेमणूक नाहीशी झाली नाही. तिचे मत तेवढे गेले.