जू, धाव आणि पैरा

मोटारींच्या हौशी शर्यतींत ‘ऑटोक्रॉस’ म्हणून एक प्रकार आहे. मोकळ्या माळावर वाट आखावयाची, लहानशी गाडी शक्य तितकी हलकी करून तीवरून पळवावयाची आणि घड्याळ पाहून निकाल द्यावयाचा, असे तिचे थोडक्यात स्वरूप. इ. स. १९०४ च्या डिसेंबरात दिल्लीहून मुंबईकडे मोटारींची परीक्षा-दौड निघाली, तेव्हा मोटार ही संस्थानिकांच्या व साहेबलोकांच्या दाराशी शोभावयाची वस्तू होती. परंतु वाहन हलके करून माळावर पळविण्याची विद्या साताऱ्या-सांगलीच्या कुणब्यास मोटारीपासून शिकावी लागली नाही. ती त्याच्या गोठ्यातच होती.

सातारा व सांगली हे दोन जिल्हे आज निराळे असले, तरी त्यांचा इतिहास एकच आहे. इ. स. १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचे उत्तर व दक्षिण असे भाग पडले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. या मुलुखाच्या पूर्वेस माणदेशाचा कोरडा माळ आहे. तेथील खिलार बैल दुधासाठी नव्हे, तर पायांसाठी प्रसिद्ध. पांढुरका रंग, मागे वळलेली लांब शिंगे, आटोपशीर बांधा. खरसुंडीचा बाजार व पुसेगावची यात्रा ही त्याची परीक्षागृहेच म्हणावयाची.

शर्यतीची तयारी पाहिली म्हणजे कोणाही यंत्रज्ञास आपुलकी वाटेल. गाडी दोनचाकी आणि हलकी हवी. कण्यास वंगण, जुवाचा तोल, चाकावरील लोखंडी धाव, बैलांच्या खुरांच्या पत्र्या, सारे पुनःपुन्हा पाहावयाचे. जुन्नर-आंबेगावच्या घाटांत एकेक गाडा सोडून सेकंद मोजतात. इकडे अनेक गाड्या एकाच वेळी आपापल्या चाकोरीतून सुटतात. मात्र दोन्हीकडे खरा प्रश्न जोडीचा असतो. एक बैल कितीही वेगवान असो, दुसरा मागे पडला की जू तिरके होते आणि गाडी चाकोरी सोडते.

याच ठिकाणी एक शब्द विचार करावयास लावतो. दोन मालकांचे दोन बैल एका जुवाखाली आणले, म्हणजे त्यास शर्यतीत ‘पैरा’ म्हणतात. हा शब्द मुळचा शेतीचा. ज्याच्या दावणीस एकच बैल, त्याने शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी करावी, आज याचे शेत नांगरावे, उद्या त्याचे, हा पैरा. गरिबाच्या अडचणीतून निघालेला व्यवहार आज हौसेचा झाला. शब्द राहिला, कारण पालटले.

हे कारण कसे पालटले, याचे उत्तर औंध संस्थानच्या नकाशावर सापडते. खिलारांचा आटपाडी महाल औंधकडे होता, आणि इ. स. १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना घातला, ती जागाही औंधच्याच अधिपतींनी दिली. त्या कारखान्याचा लोखंडी नांगर ओढावयास बैलच लागत. पुढे इंजिने व पंप आले, विहिरीवरची मोट सुटली. मग ट्रॅक्टर आला आणि नांगरही सुटला. एकाच छत्राखाली बैल वाढला आणि त्याला निवृत्त करणारी यंत्रविद्याही वाढली. काम गेलेल्या या बैलास शर्यतीने आधार दिला.

म्हणूनच ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींस मनाई केली, तेव्हा माणदेशात केवळ खेळ बंद झाल्याची भावना नव्हती. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातील झरे गावच्या परिसरात बंदी झुगारून शर्यत झाली. त्याच वर्षी १६ डिसेंबरला न्यायालयाने सशर्त मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा २०१७ चा सुधारणा-कायदा ग्राह्य धरला. या कायद्याने बैलास इजा करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड सांगितला आहे.

शर्यत नसेल तर खिलार संपेल, असे शौकीन म्हणतात. यात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच. शर्यत वेगवान खोंडाची किंमत वाढविते. मंद बैलाची आणि थोडे दूध देणाऱ्या खिलार गाईची चिंता ती वाहत नाही. जात टिकावयाची तर सारे खिलार टिकले पाहिजे, केवळ त्यातील विजेते नव्हेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मोटारीस मर्यादेबाहेर ताणले, तर कणा मोडतो आणि मालकाचा खिसा हलका होतो. बैलास ताणले, तर त्याचे दुःख त्यालाच भोगावे लागते, आणि त्याची वाच्यता करणारा कोणी नसतो. म्हणून चाबूक व खिळे यांस मनाई करणारा नियम हा खेळाचा शत्रू नव्हे. खऱ्या शौकिनाची तीच कसोटी आहे. मारल्यावाचून पळेल असा बैल तयार करणे, यातच त्या जुन्या विद्येचे सार होते.

पैऱ्याचा मूळ नियमही हाच होता. शेजाऱ्याचा बैल आपल्या जुवाखाली आणावयाचा, तो संध्याकाळी धडधाकट परत करावयाच्या बोलीवर.