थांबवलेल्या अभ्यासाने दिलेले उत्तर

एप्रिल २०१० मध्ये खम्मम व वडोदरा येथील एचपीव्ही लसीकरण प्रकल्प थांबवण्यात आला. लसवंत मुलींपैकी सात दगावल्या होत्या. चौकशी समितीला या मृत्यूंचा लसीशी संबंध संभवनीय वाटला नाही. एक मुलगी बुडाली होती, एकीला सर्पदंश झाला होता. पण खम्मममधील अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या निघाल्या. माझ्या मते खरा अपराध तोच, आणि तो लसीच्या माथी मारला गेला.

त्याच लाटेत दोन व तीन मात्रांची तुलना करणारा निराळा अभ्यासही अडला. हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. असा प्रयोग मुद्दाम कोणी आखला नसता! बार्शीसह अनेक केंद्रांनी त्यांचा दशकभर पाठपुरावा केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणाऱ्या एचपीव्ही १६ व १८ च्या चिवट संसर्गापासून एका मात्रेचे संरक्षण तीन मात्रांच्या तोडीचे निघाले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला.