एक नंबरचा श्टेफान, २१० नंबरचा झेटरबर्ग : आइस हॉकीत अठराव्या वर्षी खेळाडूचं भविष्य कसं ठरवतात?

आइस हॉकीची एक जुनी क्लिप इंटरनेटवर अधूनमधून फिरत असते. सामना संपत आलाय. पिछाडीवर असलेल्या संघाने एक जादा आक्रमक उतरवण्यासाठी आपला गोलरक्षक बाहेर बोलावलाय, त्यामुळे गोल पूर्ण रिकामा आहे. समोरच्या संघाचा एक खेळाडू पक, म्हणजे रबराची चकती, घेऊन एकटाच गोलपाशी पोहोचतो. आता फक्त आत ढकलायची बाकी. नेमकी तेव्हाच पक उडते, त्याची स्टिक चुकते आणि तो बर्फावर पडतो. प्रतिस्पर्धी तीच पक घेऊन दुसऱ्या टोकाला धावतात आणि जेमतेम दोन सेकंद उरलेले असताना बरोबरीचा गोल करतात.

ही घटना ४ जानेवारी २००७ची. सामना डॅलस स्टार्स विरुद्ध एडमंटन ऑयलर्स. शेवटी पेनल्टी फटक्यांवर डॅलस जिंकलं, पण ते कुणाच्या लक्षात नाही. लक्षात राहिला तो पडलेला खेळाडू, चेक प्रजासत्ताकाचा पॅट्रिक श्टेफान.

क्लिप बघून हसणाऱ्या अनेकांना माहीत नसतं, की हाच श्टेफान साडेसात वर्षांपूर्वी जगातला सर्वात आश्वासक तरुण आइस हॉकीपटू म्हणून निवडला गेला होता. आणि ज्या दिवशी त्याची पहिल्या क्रमांकावर निवड झाली, त्याच निवडीत २१० व्या क्रमांकावर एक स्वीडिश मुलगा होता. तो पुढे विश्वविजेता झाला.

दरवर्षी उन्हाळ्यात ‘युरोपातले उद्याचे स्टार’ अशा याद्या निघतात. त्या याद्या कशा बनतात आणि त्यांवर किती विश्वास ठेवायचा, हे समजायला १९९९ सालची ही गोष्ट फार उपयोगी आहे.

ड्राफ्ट म्हणजे नेमकं काय?

आइस हॉकीतली जगातली सर्वात मोठी व्यावसायिक स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग, अर्थात एनएचएल. अमेरिका आणि कॅनडा मिळून तिचे ३२ संघ आहेत आणि विजेत्याला स्टॅनले कप मिळतो. या लीगमधले एक चतुर्थांशाहून जास्त खेळाडू युरोपातून आलेले असतात. स्वीडन, फिनलंड, रशिया आणि चेक प्रजासत्ताक हे त्यातले मोठे पुरवठादार.

तरुण खेळाडू या लीगमध्ये येतात ते ड्राफ्टमधून. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे, पण ड्राफ्ट त्याहून वेगळा. इथे बोली लागत नाही. संघ आळीपाळीने एकेक नाव घेतात. आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघांना आधी संधी मिळते, मात्र पहिले काही क्रमांक सोडतीने ठरतात. आता सात फेऱ्या असतात, म्हणजे साधारण २२४ मुलं निवडली जातात. १९९९ मध्ये नऊ फेऱ्या होत्या.

निवड म्हणजे नोकरी नव्हे. संघाला फक्त त्या मुलाशी करार करण्याचा हक्क मिळतो. निवडल्या गेलेल्यांपैकी कितीतरी जण एनएचएलचा एकही सामना खेळत नाहीत.

वयाची अट महत्त्वाची. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत १८ वर्षं पूर्ण होणारा मुलगा पात्र ठरतो. एका दिवसाने हुकलं तरी वर्षभर थांबावं लागतं. रशियाच्या अलेक्झांडर ओवेच्किनचा जन्म १७ सप्टेंबर १९८५चा. २००३ मध्ये तो दोन दिवसांनी अपात्र ठरला. फ्लोरिडा पँथर्सने तरीही त्याचं नाव घेण्याचा प्रयत्न केला. लीप वर्षांचे जादा दिवस मोजले तर तो पात्र ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद! लीगने तो फेटाळला. पुढच्या वर्षी वॉशिंग्टन कॅपिटल्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि २०२५ मध्ये त्याने वेन ग्रेट्स्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला.

१९९९ : चार मुलं, तेवीस दिवस

२६ जून १९९९ रोजी बोस्टनमध्ये ड्राफ्ट झाला. या गोष्टीतली चारही मुलं त्या १५ सप्टेंबरच्या अटीमुळे वर्षभर थांबलेली होती. श्टेफानचा जन्म १६ सप्टेंबर १९८०चा, स्वीडनच्या जुळ्या डॅनियल आणि हेन्रिक सेडिन यांचा २६ सप्टेंबरचा आणि हेन्रिक झेटरबर्गचा ९ ऑक्टोबरचा. म्हणजे सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान मुलात फक्त २३ दिवसांचं अंतर.

श्टेफान उंच आणि धिप्पाड होता. प्राग सोडून तो अमेरिकेत आला आणि तिथल्या एका दुय्यम लीगमध्ये मोठ्या माणसांसोबत खेळला. तिथे डोक्याला मार बसल्याने त्याच्या तब्येतीबद्दल शंका होत्या, पण कौशल्याबद्दल नव्हत्या.

सेडिन बंधूंना एकाच संघात खेळायचं होतं. त्यासाठी व्हॅनकूव्हर कनक्सचे व्यवस्थापक ब्रायन बर्क यांनी इतर संघांशी एकामागून एक सौदे केले आणि दुसरा आणि तिसरा असे लागोपाठचे क्रमांक मिळवले. पहिला क्रमांक अटलांटा थ्रॅशर्स या नव्याकोऱ्या संघाकडे गेला आणि त्यांनी श्टेफानला घेतलं.

झेटरबर्गसाठी कुणीच सौदे केले नाहीत. अंगाने किरकोळ, शिवाय खेळत होता तो तिमरो नावाच्या छोट्या क्लबसाठी. डेट्रॉइट रेड विंग्सचे युरोपातले स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, होकान आंदेर्सोन यांनी त्याच्यात काहीतरी पाहिलं होतं. सातव्या फेरीत, सभागृह बरंचसं रिकामं होण्याच्या वेळेला, त्याचं नाव पुकारलं गेलं.

पुढे काय झालं?

श्टेफानला लगेच एनएचएलमध्ये उतरवलं गेलं. अटलांटा संघाने आपल्या पहिल्या हंगामात ८२ पैकी फक्त १४ सामने जिंकले. हरणाऱ्या नव्या संघाचा चेहरा होण्याचं ओझं एकोणीस वर्षांच्या मुलावर आलं, त्यात दुखापती सुरूच राहिल्या. ४५५ सामने आणि १८८ गुण (गोल आणि गोलला केलेली मदत यांची बेरीज) एवढ्यावर त्याची एनएचएल कारकीर्द संपली, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. तो वाईट खेळाडू नव्हता. इतके सामने खेळणं बहुतेकांना जमत नाही. पण पहिल्या क्रमांकाकडून लोकांची अपेक्षा वेगळी असते.

सेडिन बंधू ड्राफ्टनंतर एक वर्ष आपल्या गावच्या मोडो क्लबमध्येच राहिले. एनएचएलमधल्या पहिल्या चार हंगामांत दोघांपैकी कुणालाही साठ गुण गाठता आले नाहीत, टीकाही भरपूर झाली. संघाने मात्र धीर धरला. २०१० मध्ये हेन्रिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०११ मध्ये सर्वाधिक गुण डॅनियलचे होते. दोघांनीही हजारांहून जास्त गुण केले आणि अख्खी कारकीर्द व्हॅनकूव्हरमध्येच काढली. २०२२ मध्ये दोघांना हॉकी हॉल ऑफ फेममध्ये एकत्रच स्थान मिळालं.

झेटरबर्ग ड्राफ्टनंतर तीन वर्षं स्वीडनमध्येच खेळला. तो २००२ मध्ये डेट्रॉइटला आला, तेव्हा संघ नुकताच विजेता झालेला होता आणि सगळा भार त्याच्या खांद्यावर नव्हता. २००६ मध्ये त्याने स्वीडनसाठी ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं आणि त्याच वर्षी विश्वविजेतेपदही. २००८ मध्ये स्टॅनले कप जिंकला आणि त्या वर्षीच्या बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. पुढे तो डेट्रॉइटचा कर्णधार झाला. त्याच्या नावावर ९६० गुण आहेत.

युरोपातली मुलं ओळखणं जास्त अवघड का?

कॅनडातली मुलं साधारण १६ ते २० या वयात ज्युनियर लीगमध्ये आपल्याच वयाच्या मुलांविरुद्ध खेळतात. तिथे चांगला खेळाडू गुणांचा ढीग रचतो आणि तुलना सोपी जाते.

युरोपात क्लबची स्वतःची पोरांची फळी असते आणि त्यातला हुशार मुलगा सतरा-अठराव्या वर्षीच मोठ्यांच्या संघात जातो. स्वीडनची एसएचएल, फिनलंडची लीगा, रशियाची केएचएल या तगड्या लीग आहेत. समोर तिशीतले कसलेले खेळाडू असतात. प्रशिक्षकाला सामना जिंकायचा असतो, त्यामुळे पोराला कधी पाच-सात मिनिटंच खेळायला मिळतात. मग गुणतक्ता बघून काय कळणार?

फिनलंडच्या टीपीएस या एकाच क्लबची दोन उदाहरणं बघा. २०१८-१९ मध्ये काप्पो काक्कोने तिथे ४५ सामन्यांत २२ गोल केले आणि ड्राफ्टमध्ये तो दुसरा आला. २०२१-२२ मध्ये स्लोव्हाकियाचा युराय स्लाफकोव्स्की त्याच क्लबसाठी ३१ सामन्यांत फक्त १० गुण मिळवू शकला. पण बीजिंग ऑलिंपिकमध्ये या १७ वर्षांच्या मुलाने ७ सामन्यांत ७ गोल केले, स्लोव्हाकियाला कांस्य मिळालं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. माँट्रियल कॅनेडियन्सने त्याला २०२२ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलं. एनएचएलच्या तिसऱ्या हंगामापर्यंत स्लाफकोव्स्की एका मोसमात पन्नास गुणांच्या घरात पोहोचला. काक्कोला न्यूयॉर्क रेंजर्सकडे तो टप्पा कधीच गाठता आला नाही आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये संघाने त्याला सिअ‍ॅटलला देऊन टाकलं.

दुसरी अडचण मैदानाची. युरोपात पारंपरिक मैदान ३० मीटर रुंद, एनएचएलचं सुमारे २६ मीटर. चार मीटर कमी झाले की विचार करायला मिळणारा वेळ कमी होतो आणि धडका वाढतात. मोकळ्या जागेत चमकणारा मुलगा इथे गुदमरू शकतो.

तिसरी अडचण करारांची. रशियाच्या मातवेय मिचकोव्हची गुणवत्ता २०२३ मध्ये सगळ्यांना मान्य होती, पण सेंट पीटर्सबर्गच्या क्लबशी त्याचा २०२६ पर्यंतचा करार होता. वाट बघण्याच्या भीतीने सहा संघांनी त्याला सोडलं. सातव्या क्रमांकावर फिलाडेल्फियाने धाडस केलं. तो २०२४ मध्येच मोकळा झाला आणि पहिल्याच हंगामात त्याने २६ गोल केले.

घर सोडायचं की थांबायचं?

प्रत्येक युरोपीय मुलासमोर आणि त्याच्या घरच्यांसमोर हा प्रश्न असतो. लहान देशांत तर फारच. जर्मनीचा लिऑन ड्रायसाइटल १६ व्या वर्षी कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये गेला, २०१४ मध्ये तिसरा निवडला गेला आणि २०२० मध्ये एनएचएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. स्वित्झर्लंडचा निको हिशिएर असाच कॅनडात गेला आणि एका वर्षात, २०१७ मध्ये, पहिल्या क्रमांकाचा मानकरी झाला. स्लोव्हेनियाच्या अँझे कोपितारने १७ व्या वर्षी स्वीडन गाठलं आणि पुढे लॉस एंजेलिसबरोबर दोन स्टॅनले कप जिंकले.

याउलट स्वीडनचा गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट. २००० मध्ये तो २०५ व्या क्रमांकावर होता. त्याचा जुळा भाऊ जोएल त्याच ड्राफ्टमध्ये कितीतरी आधी निवडला गेला होता. हेन्रिक पाच वर्षं मायदेशीच खेळला आणि २००५ मध्ये न्यूयॉर्कला गेला तो पहिल्या क्रमांकाचा गोलरक्षक होण्यासाठीच. गोलरक्षक उशिरा पिकतात, म्हणून त्यांच्याबाबत अंदाज सर्वात जास्त चुकतात.

म्हणजे दोन्ही वाटांनी लोक वर गेलेत. लवकर जाऊन बाकावर बसणं मात्र बहुतेकदा महागात पडतं.

पुढच्या वेळी यादी वाचताना काय बघायचं?

• जन्मतारीख : ऑक्टोबरमध्ये जन्मलेला मुलगा आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये जन्मलेला मुलगा एकाच ड्राफ्टमध्ये असतात. या वयात दहा महिन्यांनी उंची-वजनात मोठा फरक पडतो.

• लीग : मोठ्यांच्या लीगमधले दहा गुण हे ज्युनियर लीगमधल्या चाळीस गुणांपेक्षा जास्त सांगून जाऊ शकतात.

• मैदानावरचा वेळ : किती मिनिटं खेळला आणि कोणत्या प्रसंगी, हे गोलांच्या आकड्याआधी बघावं.

• स्पर्धा : नाताळच्या सुमारास होणारी २० वर्षांखालील जागतिक स्पर्धा आणि वसंतातली १८ वर्षांखालील स्पर्धा इथे मुलं आपल्या वयाच्या उत्तम खेळाडूंसमोर दिसतात. पण दोन आठवड्यांची स्पर्धा म्हणजे अख्खा हंगाम नव्हे.

• निवडणारा संघ : तो थांबायला तयार आहे का? ड्राफ्टमध्ये मुलाला संघ निवडता येत नाही आणि बऱ्याचदा त्याचं नशीब इथेच फिरतं.

स्काउट मूर्ख नसतात. पहिल्या काही क्रमांकांवरची मुलं बहुतेक वेळा खरंच चांगली निघतात. १९९९ मध्येही पहिल्या तिघांपैकी दोघे हॉल ऑफ फेमपर्यंत पोहोचले. पण अठराव्या वर्षी अंगाची वाढ पुरी झालेली नसते, डोक्याची तर त्याहून कमी. ड्राफ्टचा क्रमांक सांगतो की त्या जूनमध्ये तो मुलगा कुठे होता. झेटरबर्गला त्यानंतर घरी तीन वर्षं मिळाली. श्टेफानला चार महिनेही मिळाले नाहीत. ती क्लिप पुन्हा समोर आली, तर एवढं आठवावं.