‘समजले नाही’ म्हणणारे प्रोग्रॅम

अनेक एजंटांकडून मिळून काम करवून घेणाऱ्या सॉफ्टवेअर चौकटींची आज सर्वत्र चर्चा आहे. या कल्पनेची मुळे मात्र अर्धशतक मागे जातात, आणि तिथे एका भारतीय वंशाच्या वैज्ञानिकाचे नाव भेटते.

आजच्या आंध्र प्रदेशात १९३७ साली जन्मलेले आणि मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले राज रेड्डी १९७०च्या दशकात अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकाला मानवी बोलणे उमगावे यासाठी झटत होते. त्यांच्या गटाच्या ‘हिअरसे-२’ या प्रणालीत ध्वनी, शब्द, वाक्यरचना यांचे ज्ञान स्वतंत्र घटकांत विभागलेले होते. हे घटक परस्परांशी थेट बोलत नसत. प्रत्येक जण आपला तर्क एका सामाईक ‘फळ्या’वर मांडी आणि इतर घटक तो पडताळून पुढे नेत. सुमारे १००० शब्दांच्या संग्रहातील वाक्ये ही प्रणाली अशा रीतीने ओळखू पाहत असे.

परंतु कोणते काम कोणी करायचे? १९८० साली रीड स्मिथ यांनी ‘कॉन्ट्रॅक्ट नेट’मध्ये त्यासाठी निविदेची पद्धत मांडली. एकाने काम जाहीर करावे, इतरांनी बोली लावावी आणि योग्य बोलीला कंत्राट मिळावे.

पुढचा प्रश्न भाषेचा होता. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘फिपा’ या संस्थेने एजंटांच्या संदेशांचे प्रमाणीकरण केले. विनंती, होकार, नकार, अपयश अशा प्रत्येक उक्तीला काटेकोर अर्थ दिला. इटलीतील तुरिनच्या दूरसंचार प्रयोगशाळेत घडलेल्या ‘जेड’ या चौकटीने ही मानके जावा भाषेत उतरवली. २००० साली ती मुक्त स्रोत झाली आणि अनेक संशोधकांच्या हाती पोहोचली.

या मानकांत एक उक्ती होती, ‘समजले नाही’. संदेशाचा अर्थ न लागल्यास तसे कळवण्याची ती अधिकृत सोय होती.

‘ऑटोजेन’सारख्या २०२३ नंतरच्या चौकटींत भाषा-प्रारूपे नेहमीच्या मानवी भाषेत एकमेकांशी संवाद साधतात. त्यामुळे लवचिकता अपार वाढली, पण अर्थाचा काटेकोर करार सैल झाला. न समजलेल्या सूचनेलाही अस्खलित उत्तर मिळू शकते, आणि पुढचा एजंट तेच उत्तर प्रमाण मानून चालतो. एका घटकाची चूक अशी साखळीभर पसरते.

म्हणून नवी चौकट शिकणाऱ्या विद्यार्थ्याने जुनी मानकेही चाळावीत. सहकार्यासाठी प्रत्येक घटकाची बुद्धिमत्ता जितकी आवश्यक, तितकीच आपले अज्ञान वेळेवर कळवण्याची शिस्तही आवश्यक असते.